दादा, तुझ्या पायात त्यांचे बूट

दादा, त्यांनी तुला बूट घातले. तू तेव्हा पेटीत डोळे मिटून पडला होतास, म्हणून सांगते.

तुझ्या आसेगावच्या शेजाऱ्याच्या, किसनच्या गाडीतून तुला मंगरूळला आणलं तेव्हा तुझ्या अंगावर तुझाच धुतलेला सदरा आणि धोतर होतं. मीच घातलं होतं, किसनच्या बायकोनं हातभार लावला. आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या फाटकात गाडी थांबली आणि दाविदराव पुढे आले. ज्या माणसानं तुला त्या फाटकातून बाहेर काढलं तोच हात जोडून उभा होता, वऱ्हाड उतरवून घ्यायला आल्यासारखा. काखेत फडक्यात गुंडाळलेला काळा कोट, टाय आणि बूट. सगळं त्यांचंच, जुनं. बुटांना मात्र ताजं पॉलिश.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "पाळकसाहेबांले असं धोतरावर कसं न्यायचं? तहसीलदारसाहेब येऊन राह्यले. लोक काय म्हणतीन?"

पाळकसाहेब! इतकी वर्षं तू यांच्या तोंडी 'आसेगावचा येडा' होतास. मेल्याबरोबर पुन्हा साहेब झालास. आपल्या मंडळीत बढती हवी असेल तर माणसानं मरावं, हे मी आता पक्कं लक्षात ठेवलं आहे.

कोट चढला. कसाबसा का होईना, चढला. बूट चढेनात. शेतात अनवाणी फिरून तुझे पाय रुंद झाले होते आणि आजारानं वर सूज आली होती. मग दाविदरावांनी काय करावं? कोणाकडून तरी वस्तरा मागवला आणि बुटाची मागची शिवण उसवून टाकली. आता समोरून बघितलं तर चकचकीत बूट, मागून तुझी उघडी टाच. ते दोन पावलं मागे सरले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आता बराबर दिसते."

दादा, आपल्या पंचमंडळींचं अख्खं ख्रिस्तीपण मी त्या क्षणी पाहिलं. समोरून शिवलेलं, मागून फाटलेलं.

मी वाकले आणि दोन्ही बूट ओढून काढले. तहसीलदार फाटकातून आत येत होते. दाविदराव दातओठ खात पुटपुटले, "बाई, तमाशा नका करू." मी बूट त्यांच्या पायाशी ठेवले आणि म्हटलं, "तमाशा तुमी केला. मी फक्त सामान वापस करून राह्यली." किसन मागून हळूच म्हणाला, "राहू द्या ना साहेब, अनवानीच बरे दिसतात ते." कोट मी राहू दिला. कोटाबद्दल माझं भांडण नाही. कोट तूही हौसेनं मिरवला होतास.

हो, मिरवला होतास. तू गेलास म्हणून मी तुझी आरती ओवाळणार नाही. ते काम दाविदरावांनी कबरस्तानात केलं. हातात कागद न घेता केलं, म्हणजे पाठ करून आले होते. 'नम्रतेचा पुतळा,' म्हणाले. 'आमच्या मंडळीचा हिरा,' म्हणाले. रुमालानं डोळे पुसले तेव्हा रुमाल कोरडा होता, मी बघितला. मला तू पुतळाही नको आहेस आणि हिराही नको आहेस. मला तू हवा आहेस, भांडायला.

आठवतं, तू नवा नवा पाळक झालास तेव्हा? गोरे मिशनरी साहेब आपल्या देशी निघून गेले आणि त्यांची खुर्ची तुला मिळाली. त्यांची सोला हॅट तुला मिळाली. आणि देव जाणे कसं, त्यांचं मराठीही तुला मिळालं! वैशाखाच्या उन्हात काळा कोट घालून तू उभा राहायचास, घाम कानामागून वाहायचा, आणि मंगरूळच्या मातीत बैलांना शिव्या देत वाढलेला माझा भाऊ जीभ टाळूला चिकटवून म्हणायचा, "प्रीय बंढूंनो." पहिल्या दिवशी आपली आई माझ्या कानाशी लागली, "याले सर्दी झाली का व?" मी पदर तोंडात कोंबून हसले. बाकी कोणी हसलं नाही. बाकी सगळे भारावून गेले होते. दाविदराव तर बाहेर सांगत होते, "डोळे मिटून ऐकलं तं वाटते गोरा साहेबच बोलून राह्यला."

दाविदराव म्हणजे तेव्हा तहसील कचेरीतले कारकून, मंडळीतले सगळ्यात मोठे पंच, पहिल्या बाकाचे मालक. आपण सगळेच दोन पिढ्यांपूर्वी गावकुसाबाहेरच्या एकाच वस्तीतून आलो. त्यांचा आजा आणि आपला आजा एकाच ओढ्याचं पाणी प्यायले, कारण गावच्या विहिरीवर दोघांनाही चढू देत नव्हते. पण दाविदरावांना ते आठवत नसे. त्यांनी जुन्या वस्तीकडे पाठ फिरवली ती अशी, की मान वळवली तर कॉलर चुरगळेल. आणि तू त्यांच्याबरोबर चहा घ्यायचास. तू खोटा होतास ना दादा, तेव्हा सगळ्यांना फार आवडायचास.

मग तो गुरुवार आला. पहिलं मतदान होऊन गेलं होतं त्या वर्षातला, उत्तम शुक्रवाराच्या आदल्या दिवशीचा. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे या वर्षी आपणही धुवायचे, असं तू जाहीर केलंस. पंच खुर्च्यांवर बसणार आणि तू गुडघे टेकून त्यांचे पाय धुणार. सारं मंगरूळ बघायला लोटलं. पंच घरूनच पाय घासून आले होते. साबणानं. एकाच्या नखांवरून तेलाचा हात फिरला होता. दाविदरावांनी मोजे काढले तर आतून पावडरीचा भपकारा आला. इतके स्वच्छ पाय मी दवाखान्यात काम करताना बाळंतिणीच्या बाळाचेही पाहिले नाहीत. धुवायला तिथं होतं काय?

एक पंच आले नव्हते. त्यांची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर गिरजाबाई येऊन बसली.

गिरजाबाईला साध्वी करायला मी तयार नाही. तंबाखू खायची, पाण्यावरून भांडायची, उपासनेत मध्येच मोठ्यानं जांभई द्यायची. नवरा मेल्यापासून कापूस वेचून पोट भरत होती. त्या दिवशी सरळ शेतातून आली असावी, कारण टाचांच्या भेगांत काळी माती भरली होती आणि लुगड्याला सुकी बोंडं चिकटली होती. बसली आणि दोन्ही पाय पुढे केले.

"ऊठ गिरजे," दाविदराव म्हणाले. "थे जागा पंचायची हाये."

"पाय तं मलेही हायेत," ती म्हणाली.

मागे खसखस पिकली. गिरजाबाई दाविदरावांकडे बघत नव्हती, तुझ्याकडे बघत होती. तुझ्यासमोर पितळी घंगाळ होतं, खांद्यावर पांढरा टॉवेल होता. आणि दादा, तू पाण्याकडे बघितलंस. वर बघितलंच नाहीस. त्या साहेबी मराठीत तू एकच शब्द बोललास, "नंटर."

ती उठली आणि गेली. तू पावडर लावलेले पाय धुतलेस. बाहेर पडताना बायका डोळे पुसत होत्या, आणि दाविदराव म्हणाले की असली नम्रता त्यांनी जन्मात पाहिली नाही.

तू घरी येऊन जेवला नाहीस. शुक्रवारचा तुझा उपदेश कोणाला कळला नाही, कारण तुलाच कळत नव्हता. शनिवारी सकाळी म्हणालास, "मार्थे, गिरजाबाईकडे जायचं हाये. तू चाल सोबत." माझी सोबत कशाला, हे मला तेव्हाच कळलं. एकट्या बाईच्या घरी पाळक एकटा गेला तर लोक काय म्हणतील! माफी मागायला निघालास तरी लोकांचं ओझं डोक्यावर होतंच.

ती अंगणात सरपणासाठी कापसाच्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होती. तू तिथल्या तिथे मातीत गुडघे टेकलेस. कोटासकट. म्हणालास, "गिरजाबाई, मले माफ कर. पाणी आण, मी तुहे पाय धुतो."

मला वाटलं, ती रडेल. गोष्टींत बायका अशा वेळी रडतात. गिरजाबाईनं मोळीची गाठ आवळली आणि तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली.

"लोकायसमोर हाकललं," ती म्हणाली, "अन् आता चोरावानी येऊन माफी मांगून राह्यला? उठ तिथून. कोट खराब होईन."

परतताना तू भराभर पुढे चालत होतास. मी मागून बोलत होते. म्हटलं, बाई उद्धट आहे, तू आपलं काम केलंस, आता सोडून दे. मला वाटलं तुझं समाधान करावं. तू थांबलास आणि म्हणालास, "ते बराबर बोलली." आणि दादा, 'बराबर' हा शब्द तू अगदी आपल्या आईसारखा म्हणालास.

पुनरुत्थानाच्या रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. तू कोट न घालता उभा राहिलास. मंडळीला वाटलं, आजारी आहे. तू बोलायला लागलास तर ती बोली ऐकून लहान मुलं टकमक बघायला लागली. "म्या गुरवारी खोटं केलं," तू म्हणालास. "ज्यायचे पाय धुतलेले होते त्यायचेच म्या धुतले. ज्या बाईचे धुवाले पायजे होते तिले 'नंतर' म्हनलं. गिरजाबाई, समोर ये."

ती आली. यावेळी खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या म्हणून पायरीवर बसली. तू घंगाळ ठेवलंस. दाविदराव उभे राहिले, बूट वाजवत मधल्या वाटेनं बाहेर गेले, आणि त्यांच्यामागून पहिले बाक रिकामे झाले. देवळात पाण्याचा आवाज तेवढा राहिला. आणि मग गिरजाबाईचा, "टाच नीट घास जरा. गुदगुल्या कायले करतं?"

आम्ही जे उरलो होतो ते हसलो. तूही हसलास. त्या देवळात मी पहिल्यांदाच लोकांना खरं हसताना ऐकलं.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, पण माझा संताप तुला पुरता ठाऊक नाही. पंचांनी वर मिशनकडे तक्रार केली की पाळकाचं डोकं फिरलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा कुजबुज सोडली की विधवेचे पाय कोणी उगीच धुतं का. ही कुजबुज पावडरवाल्या पायांनी घरोघर गेली. मग वरून एक सभ्य गृहस्थ चौकशीला आले. ते माझ्या देखत तुला म्हणाले, की त्या दिवशी ताप होता एवढं लिहून द्या, सगळं मिटेल, पाळकाचा बंगला राहील, मान राहील. तू म्हणालास, "पन ताप नव्हता ना साहेब." बस. त्या एका वाक्यावर बंगला गेला.

आणि तू गेलासही गुपचूप! इथेच आपलं भांडण आहे. तू आसेगावला किसनच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला लागलास, पोरांना अक्षरं शिकवायला लागलास, किसनबरोबर निंदणाला जायला लागलास, आणि इथे मंगरूळला ते हरामखोर तुझ्या नावावर थुंकत राहिले. मी मोटारीनं यायची आणि दर वेळी तेच विचारायची.

"तू बोलत काहून नाही? खोटं हाये म्हनून सांग ना त्यायले."

"कोनाले सांगू? ज्यायनं बनवलं त्यायले ठाऊक हाये खोटं हाये म्हनून."

"अन् तुही इज्जत?"

"थे माही कुठं होती, मार्थे? त्यायनंच देली होती. त्यायनंच वापस घेतली."

मी म्हणायची, तुझी इज्जत खड्ड्यात जाऊ दे, पण खरं काय ते तर कोणाच्या बापाचं नाही? ते का सोडून दिलंस? तुझ्या नम्रपणाचा फायदा झाला कोणाला? लबाडांना. याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. ज्वारीची भाकर मोडत बसायचास. एकदा फक्त म्हणालास, "तू हा राग अंगावर घालून फिरतं ना, तोही कोटच हाये."

मी म्हटलं, "असू दे. मले थंडी वाजते."

तू इतका हसलास की ठसका लागला. पण उत्तर दिलं नाहीस, दादा. अजूनही मी विचारते आहे. गप्प राहणं म्हणजे नम्रता, आणि त्या गप्प राहण्यावर चोरांनी मजले चढवले तर ते काय?

आता एक कबूल करायला हवं, तुझ्या बाजूचं. एकदा मी न सांगता आले होते. खोलीजवळ पोचले तर आतून आरडाओरड. किसनच्या बकरीनं तुझी वही खाल्ली होती की वहीजवळची टोपली, आणि तू तिला आपल्या बापाच्या ठेवणीतल्या शिव्या देत होतास. सगळ्या, क्रमानं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिले. कोट चढल्यापासून हरवलेला माझा भाऊ मला तिथे, त्या गोठ्यात, बकरीशी भांडताना सापडला. पुढे जेवढी वर्षं तू जगलास तेवढी वर्षं मला तो मिळाला. याबद्दल आभार मानायचे राहून गेले. आपल्यात आभार मानतात कुठे.

तुला मातीत ठेवलं तेव्हा गिरजाबाई आली नव्हती. मला राग आला. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले. ती आता वाकून चालते.

"आली काहून नाही?"

"तिथं दाविद बोलनार होता," ती म्हणाली. "मले ऐकवत नाही. काय बोलला?"

"नम्रतेचा पुतळा म्हनला."

गिरजाबाई बराच वेळ हसली. मग डोळे पुसले. तिचा पदर ओला झाला, मी बघितला. "नम्र नव्हता तो," ती म्हणाली. "लय घमेंडी होता तुहा भाऊ. माफी मांगाले आला तवाही घमेंडीतच होता. पन लबाड नव्हता. त्यानं थे घमेंड स्वताच्या हातानं उपटली, वावरातल्या तनावानी. अन् तन काय, पुन्हा येतेच. तो पुन्हा उपटे."

कबरस्तानात कोणी इतकं खरं बोललं नाही.

काल संध्याकाळी दाविदराव माझ्याकडे आले. कबरीवर संगमरवरी दगड बसवायचा म्हणाले, वर तुझं नाव, खाली मंडळीचं. तुझा हॅटमधला फोटो आहे का, विचारलं. मी म्हटलं, दगड नको, फोटो नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले. टोपी हातात फिरवत होते. मग खाली बघत म्हणाले, "बाई, पाळकसाहेब... जाताना माह्याबद्दल काही बोलले का?"

बोलला होतास. शेवटच्या तापात तू माझं मनगट धरून म्हणाला होतास, "दाविदले सांगजो, माह्या मनात काही नाही." आणि त्याआधी कित्येक सकाळी त्या खोलीत प्रार्थनेत मी त्याचं नाव ऐकलं होतं. माझ्या आधी, किसनच्याही आधी. मला तेव्हाही चीड यायची.

मी दाविदरावांकडे बघितलं. त्या चेहऱ्यावरून साहेबपणा ओघळला होता आणि आत एक म्हातारा, भ्यालेला माणूस होता. मला त्याची दया आली नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही बोलला."

ते गेले. रात्रभर मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, निरोप तुझा आहे, तोंड माझं आहे, आणि माझ्या तोंडाला तो कडू लागतो. तू नेहमीसारखा गप्प राहिलास. तुझ्याशी भांडण्यात हेच वाईट. जिवंत होतास तेव्हाही हेच वाईट होतं.

आज सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसून दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. मी पायरीवर उभी राहूनच, त्यांच्या तोंडाकडे न बघता सांगितलं, "काल म्या खोटं सांगितलं. तो बोलला होता. त्याच्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं. माह्या मनात हाये, थे वेगळं."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. साबण तसाच वाळत राहिला. मग त्यांनी आपल्या हातानं घोंगडी अंथरली आणि आत हाक मारली. त्यांची बायको चहा घेऊन आली.

मी बसले. चहा प्यायले. फार गोड होता.

तू म्हणशील, मार्थाचं मन वळलं. म्हणू नकोस. चहा प्यायले, एवढंच झालं आहे. सध्या तेवढ्यावर भागव.